फुंक आणि पाऊल : शालेय बँडच्या पुस्तिकेची प्रस्तावना

बिगुलाला पाचच स्वर येतात. खालचा सा, त्याच्या वरचा प, मग मधला सा, ग आणि पुन्हा प. त्याला बटण नाही, भोक नाही, पट्टी नाही. पितळेची गुंडाळलेली एक नळी, एका टोकाला वाटीसारखा माउथपीस आणि दुसऱ्या टोकाला कर्णा, एवढाच त्याचा संसार. बाकीचे सगळे काम ओठांचे. ओठ सैल ठेवले की खालचा सा निघतो, जरा आवळले की प, आणखी आवळले की मधला सा. शाळकरी मुलाच्या ओठांना रे, म, ध, नी या नळीतून मिळत नाहीत, मग त्याने कितीही जोर लावो. म्हणूनच परिपाठाला रोज म्हटले जाणारे राष्ट्रगीत एकट्या बिगुलावर वाजत नाही. त्याच्या दुसऱ्याच अक्षराला रे लागतो.

शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या ज्या शाळांमध्ये मी बँड पाहिला, ऐकला, थोडाबहुत शिकवला, त्यांपैकी बहुतेकींची सुरुवात याच पाच स्वरांनी झाली. चारसहा बिगूल, दोन-चार साइड ड्रम, एक बास ड्रम, झांजांची एक जोडी आणि पुढे काठी फिरवणारा बँड मेजर. काही ठिकाणी बासऱ्या, अगदी क्वचित एखादे ट्रम्पेट किंवा क्लॅरिनेट. हे पथक बहुधा पीटीच्या शिक्षकांकडे असते, कारण संगीताचा शिक्षक गावच्या शाळेत सहसा नसतो. पीटीचे सर चाल उत्तम बसवतात, ठेकाही बसवतात. फुंकीपाशी मात्र ते अडतात, कारण फुंक त्यांना कुणी शिकवलेली नसते. ही पुस्तिका त्यांच्यासाठी आहे. तिच्यात स्वरलेखन सारेगममध्ये आहे, पाश्चात्त्य पाच रेघांत नाही, आणि प्रत्येक धडा मैदानावर उभ्या असलेल्या, एका हातात शिट्टी धरलेल्या माणसाला चालत चालत वाचता येईल एवढाच ठेवला आहे.

मी बँड शिकलो तो दौंडला, सहावीत असताना. शाळेत बिगूल सहा आणि वाजवायला आसुसलेली मुले वीसच्या वर. शिकवायला येणारे सर राज्य राखीव पोलीस बलाच्या बँडमधून निवृत्त झालेले होते. त्यांनी पहिला महिनाभर आमच्या हातात बिगूल दिलाच नाही. दिले ते नुसते माउथपीस, तेही पाळीपाळीने घरी न्यायला. ओठ मिटायचे, मधे केसाएवढी फट ठेवायची आणि त्या फटीतून हवा अशी सोडायची की ओठ थरथरले पाहिजेत. नुसते फूऽ केले तर काही होत नाही. आई म्हणायची, घरात भुंगा शिरला आहे. महिन्याने जेव्हा तो माउथपीस बिगुलात बसवला आणि तोच भुंगा नळीतून जाऊन पलीकडून खणखणीत सा होऊन बाहेर पडला, तेव्हा मैदानाच्या कडेला चिंचेखाली बसलेली मुलेही उठून उभी राहिली. वाद्य आवाज करत नाही, आवाज आपले ओठ करतात, वाद्य तो फक्त मोठा आणि सुरेल करते, ही गोष्ट मला त्या दिवशी कळली. पुस्तिकेचे पहिले चार धडे म्हणून बिगुलाशिवायचे आहेत. मुख्याध्यापकांनी त्याबद्दल घाई करू नये, ही विनंती इथेच करून ठेवतो.

या दोन गावांत कवायतीचे संगीत उपरे नाही. शिरूर, ज्याला जुनी माणसे अजून घोडनदी म्हणतात, ती इंग्रजांची छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टनच्या हाताखालची पलटण याच छावणीतून निघाली आणि रात्रभर चालून १ जानेवारीच्या सकाळी कोरेगाव भीमाला पोचली. त्या पलटणीत महार शिपाई मोठ्या संख्येने होते आणि पुढे दिवसभर काय झाले ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. छावणी म्हटली की दिवस बिगुलावर चालतो. उठायचे, जेवायचे, निजायचे, सगळे त्याच पाच स्वरांत सांगितले जाते. घोड नदी पुढे भीमेला मिळते आणि भीमा दौंडच्या अंगाने जाते. दौंडला १८७८ मध्ये मनमाडचा फाटा जोडला गेला, गाव जंक्शन झाले आणि रेल्वेबरोबर गोवेकर, अँग्लो-इंडियन अशी पाश्चात्त्य वाद्यांची सवय असलेली कुटुंबेही आली. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये मुलांना स्वरलिपी शिकवली जाई, आणि तिथले वादक पुढे देशभरच्या पोलीस आणि लष्करी बँडमध्ये, मुंबईच्या सिनेमाच्या वाद्यवृंदात दिसू लागले. नंतर राज्य राखीव पोलीस बलाचे ५ आणि ७ क्रमांकांचे दोन गट दौंडला स्थिरावले, नानवीजला त्यांचे प्रशिक्षण केंद्र झाले. दौंडच्या पोराला गजराच्या घड्याळाआधी बिगूल ठाऊक असतो, असे मी म्हणतो ते या अर्थाने.

मराठी राजवटीचा पाश्चात्त्य बँडशी संबंध याहूनही जुना आहे. तंजावरचे सरफोजीराजे दुसरे, ज्यांची कारकीर्द १७९८ ते १८३२ अशी झाली, त्यांनी आपल्या दरबारात पाश्चात्त्य वाद्यांचा बँड उभा केला होता. पण तो राजाचा छंद होता. आपल्याकडे गावात फुंकीचे वाद्य म्हणजे सनई, शिंग, तुतारी, आणि ती वाजवणे हे ठरलेल्या जातींचे काम. सनई होलाराने, घडशाने वाजवायची, हलगी मातंगाने. लग्नात त्यांच्याशिवाय पान हलत नसे, आणि पंगतीला मात्र त्यांना शेवटी, बाजूला बसवत. ज्याच्या फुंकीने मुहूर्त साजरा व्हायचा त्याच्या ओठांना लागलेले भांडे बाकीच्यांना चालत नसे.

हे सगळे डोळ्यांपुढे ठेवून सहा बिगूल आणि वीस मुलांचा हिशेब करा. एका मुलाने वाजवायचे, माउथपीस काढून पोटॅशच्या जांभळ्या पाण्यात बुडवायचा, झटकायचा आणि पुढच्याला द्यायचा. पुढचा तो ओठांना लावतो. कुणाच्या घरचा, कुठल्या आळीतला, कुणी विचारत नाही, विचारायला वेळच नसतो. माझ्या आजीने मात्र विचारले होते. "दुसऱ्याचं उष्टं तोंडाला लावतोस? कुणाकुणाचं?" मी एकेक नाव सांगत गेलो. ती गप्प झाली. दुसऱ्या दिवशी तिने जुन्या लुगड्याचा एक चौकोन फाडून, कडा दुमडून, टाके घालून माझ्या खिशात कोंबला. "आधी नीट पूस, मग लाव." लावू नकोस असे ती म्हणाली नाही. शाळेतल्या कुठल्याही विषयाच्या पुस्तकात समतेचा एक धडा असतो. बँडमध्ये तो धडा ओठांवर असतो, आणि मला तो बँडचा सर्वांत मोठा गुण वाटतो. स्वच्छतेची काळजी अर्थात घेतलीच पाहिजे. आज शक्य असेल त्या शाळेने प्रत्येक मुलाला स्वतंत्र माउथपीस द्यावा, तो बिगुलापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो. जिथे ते शक्य नाही तिथे साबण आणि कोमट पाणी पुरते. पण पैसा नाही म्हणून किंवा उष्ट्याचा बाऊ करून बिगूल दोन-तीन ठरावीक मुलांच्याच हातात ठेवू नये.

आता मुख्य अडचणीकडे येतो. बसून वाजवणारा आणि चालत वाजवणारा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. लष्करी तेज चाल मिनिटाला १२० पावलांची, पाऊल ३० इंचांचे. म्हणजे सेकंदाला दोन पावले. प्रत्येक पावलाला टाच जमिनीवर आदळते, तो धक्का पायातून पाठीत, पाठीतून मानेत आणि मानेतून ओठांवर पोचतो. माउथपीस दातांवर आपटतो, सूर फाटतो. त्यावर मुले एकच उपाय करतात, बिगूल ओठांवर गच्च दाबून धरतात. पाच मिनिटांत ओठ बधिर होतात, दुपारी वरच्या ओठावर गोल लाल वळ उठतो आणि दुसऱ्या दिवशी मूल सरावाला येत नाही. चूक हाताची नसते, पायाची असते. टाच आपटू द्यायची नाही, पाऊल टाचेवरून चवड्यावर ओघळू द्यायचे. मैदानात मुलांना काठोकाठ पाण्याने भरलेला पेला हातात देऊन चालवा. ज्याचे पाणी सांडत नाही त्याचा सूर फाटत नाही. हा पेल्याचा सराव पाचव्या धड्यात आहे, आणि बारा वर्षांच्या मुलाचे पाऊल ३० इंचांचे पडत नाही, हेही तिथे ध्यानात घेतले आहे. उंच मुलांना लहान पाऊल टाकायला शिकवणे सोपे. बुटक्यांना ढांगा टाकायला लावले की त्यांचा दम चालण्यातच संपतो.

दम हा या विद्येचा प्राण. आपल्या गवयांकडे त्याला फार चांगला शब्द आहे, दमसास. आठ पावलांची एक ओळ म्हणजे चार सेकंदांची फुंक, त्यानंतर श्वास घ्यायला मिळते ते अर्धे पाऊल. तेवढ्यात छाती वर उचलून घेतलेला श्वास अपुरा पडतो, पोट पुढे येईल असा श्वास लागतो. त्यासाठी मुलांना सतरंजीवर उताणे निजवावे, पोटावर पाटी नाहीतर पुस्तक ठेवावे आणि ते वर-खाली होताना त्यांना बघू द्यावे. सनईवाल्याची रीत वेगळी. तो गालांत हवा साठवतो, ती ओठांनी ढकलत असताना नाकाने नवा श्वास घेतो, म्हणून त्याचा सूर तुटत नाही. ती मोठी विद्या आहे आणि तिच्यापुढे मी हात जोडतो. पण बिगुलाच्या शिकाऊ मुलाने गाल फुगवले की ओठांवरचा ताबा सुटतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि गावातल्या जत्रेत सनई ऐकून आलेले मूल "ते तर गाल फुगवतात" असे म्हणाले, तर त्याला गप्प न बसवता हा फरक नीट सांगावा. जमल्यास त्या सनईवाल्यांनाच एक दिवस शाळेत बोलवावे, खुर्ची द्यावी आणि सगळ्या मुलांसमोर वाजवायला सांगावे.

दौंडच्या प्रभातफेरीत कुरकुंभ मोरी यायची. रेल्वेखालचा तो अरुंद बोगदा दौंडकरांना वेगळा सांगायला नको. पहिल्या वर्षी आम्ही वाजवत आत शिरलो आणि साइड ड्रमचा आवाज भिंतींवर आपटून असा कोंडला की बास ड्रम कुणालाच ऐकू येईना. डावा पाय कुठे, उजवा कुठे. सगळी रांग विस्कटली. पुढच्या वर्षी सरांनी ठरवून दिले, मोरीत फक्त बास ड्रम, बाकी सगळे गप्प, पावले तेवढी मोजायची. पलीकडे उजेडात आलो की काठी वर जायची आणि सहाही बिगूल एकदम सुरू व्हायचे. आजही मला तो क्षण आठवतो. उघड्या मैदानातही आवाजाचे गणित असतेच. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. बँड रांगेच्या पुढे असेल आणि सातवीचा वर्ग ५० मीटर मागे चालत असेल, तर त्यांना ठोका सेकंदाच्या सातव्या हिश्शाने उशिरा ऐकू येतो. पावलाचा वेळ अर्धा सेकंद, त्यातला एवढा भाग गेला की मागच्या मुलांचे पाय चुकल्यासारखे दिसतात. पाहुण्यांसमोर त्या मुलांना ओरडा बसतो, आणि त्यांचा काडीचाही दोष नसतो. लांब रांग असेल तर बँड मधे घ्यावा. बास ड्रमवाल्याने दांडी खांद्यापर्यंत उचलावी, म्हणजे मागच्यांना कानाऐवजी डोळ्यांनी ताल धरता येतो.

थंडीचेही असेच आहे. जानेवारीच्या पहाटे शिरूरला पारा १० अंशांच्या आसपास येतो. गार हवेत आवाजाचा वेग कमी होतो आणि फुंकीच्या वाद्याचा सूर उतरतो. ३० अंशांच्या दुपारी मिळवलेला बिगूल १० अंशांच्या हवेत अर्ध्या श्रुतीने नव्हे, चांगला पाव स्वराहून जास्त खाली जाऊ शकतो. सगळेच बिगूल सारखे उतरले तर कानाला फारसे कळत नाही. एक मूल आधीपासून फुंकत असेल आणि दुसऱ्याने वाद्य सिमेंटच्या पायरीवर ठेवले असेल, तर कळते. झेंड्याआधी दहा मिनिटे सगळ्यांनी वाद्य काखेत धरावे आणि आवाज न करता त्यात गरम श्वास सोडत राहावे. आदल्या संध्याकाळी बिगूल घासायचे काम आम्ही चिंचेच्या कोळाने आणि राखेने करायचो. मेरठच्या जली कोठी भागात, जिथे नादिर अली यांची पेढी १८८५ पासून आहे आणि देशभरच्या बँडची पितळी वाद्ये घडतात, तिथल्या कारागिरांना ते रुचले नसते. राखेने पितळेवर चरे पडतात. नुसती चिंच आणि मऊ फडके पुरे. पण २५ जानेवारीला हात काळे होईपर्यंत आपला बिगूल घासणारे मूल दुसऱ्या दिवशी तो जमिनीवर आपटत नाही, हेही तितकेच खरे.

पाच स्वरांची तयारी झाली की मुलांना ट्रम्पेटकडे न्यावे. त्याला तीन बटणे असतात. मधले दाबले की सूर अर्ध्या स्वराने उतरतो, पहिले दाबले की एका स्वराने, तिसरे दाबले की दीड स्वराने. या तिघांच्या जोड्या लावत गेले की बिगुलात हरवलेले रे, म, ध, नी एकेक करून सापडतात. सातवीतल्या मुलाला ते सापडताना पाहणे हा शिकवण्यातला फार मोठा आनंद आहे. मग राष्ट्रगीत बसवता येते. ते ५२ सेकंदांचे, आणि बँडवर वाजवायचे तर त्याआधी ड्रमचा रोल हवा असा शासनाचा नियम आहे. रोल हळू सुरू करायचा, चढवत टिपेला न्यायचा, पुन्हा उतरवत सातव्या ठोक्यापर्यंत ऐकू येईल असा ठेवायचा, मग एक ठोका पूर्ण शांतता आणि मग राष्ट्रगीत. बहुतेक शाळा ती शांतता खाऊन टाकतात. ती जपावी, त्या एका ठोक्यात सगळे मैदान श्वास घेते. यापुढचे गीत म्हणून 'कदम कदम बढाये जा' घेतले आहे. त्याची चाल बांधणारे आझाद हिंद सेनेचे राम सिंह ठाकुरी हे स्वतः गोरखा पलटणीच्या बँडमध्ये तयार झालेले होते, त्यामुळे ती चाल पायांना आणि फुंकीला एकाच वेळी सोयीची आहे.

मुलींविषयी वेगळे लिहावे लागते याचे वाईट वाटते. मुलीच्या जातीने शिट्टी वाजवू नये, हे आपल्याकडच्या किती घरांत सांगितले जाते. लेझीम मुलींची, झांज मुलींची, फुंकीचे वाद्य मात्र मुलांचे, अशी वाटणी मी अनेक शाळांत पाहिली. फुंकीला लागते ते पोटाचे बळ आणि ओठांची नजाकत, आणि त्यात मुली कुठेही मागे नाहीत. शिक्षण आणि संरक्षण मंत्रालयांच्या राष्ट्रीय शालेय बँड स्पर्धेत मुलींच्या ब्रास बँडचा आणि पाइप बँडचा गट स्वतंत्र असतो. आपल्या दोन तालुक्यांतून तिथवर जायचे तर मुलींच्या हातात आज बिगूल द्यावा लागेल.

आणखी एक गोष्ट, जी मला जास्त तळमळीने सांगायची आहे. पहाटे शिरूरच्या किंवा दौंडच्या कुठल्याही रस्त्याने जा, पोलीस भरतीसाठी धावणारी मुले-मुली दिसतात. महाराष्ट्र पोलिसांच्या भरतीत बॅण्डस्मन हे पद असते, हे त्यांतल्या फार थोड्यांना माहीत असते. ज्या मुलाने सहावी ते दहावी शाळेत मन लावून ट्रम्पेट वाजवले त्याच्यापुढे एक दार उघडे असते, आणि शाळेने त्याला ते दाखवलेलेच नसते. लग्नाच्या मिरवणुकीत डीजे आल्यापासून ब्रास बँडवाल्यांची कामे आटली, त्यांची मुले या वाद्यांपासून तुटली. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या साठलेले ज्ञान शाळेच्या मैदानावर आणता येईल. पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत प्रभात आणि दरबार या बँडना आजही माणसे थांबून ऐकतात, ती केवळ जुन्या आठवणींसाठी नव्हे. समोर माणूस श्वास घेऊन वाजवतो आहे, हे ऐकण्यातच गोडी आहे.

बँडचे खरे नुकसान वाद्यांच्या किमतीने होत नाही, कपाटाने होते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट. या तीन तारखांच्या आधी आठवडाभर कपाट उघडते आणि दुपारच्या खाऊबरोबर बंद होते. मधल्या महिन्यांत बटणे अडकतात, ड्रमची कातडी सैल पडते आणि मुलांचे ओठ सगळे विसरतात. ओठांचा स्नायू पंधरा दिवसांत ढिला होतो. रोज वीस मिनिटे वाजवणारे मूल वर्षाने गाणे वाजवते. सणापुरता आठवडाभर रोज दोन तास वाजवणारे मूल वर्षानुवर्षे सणापुरताच आवाज काढते. मला शाळांकडून नवी वाद्ये नकोत, देणगी नको, गणवेशावर तुरा नको. आठवड्यातून तीन दिवस, मधल्या सुट्टीनंतरची वीस मिनिटे हवीत.

शिक्षकहो, पहिला धडा उघडण्याआधी मुख्याध्यापकांकडून कपाटाची किल्ली मागून घ्या, माउथपीस मोजा, कोमट पाण्यात धुवून उन्हात वाळत घाला. त्यांची संख्या आणि मुलांची संख्या पुस्तिकेच्या पहिल्या पानावरच्या मोकळ्या जागेत लिहा. धडे त्या हिशेबाने पाळ्या लावून घ्यायचे आहेत.